पोटदुखी आणि जुलाब महिनोन्‌महिने थांबत नाहीत, तेव्हा कारण कुठे शोधावे?

पुण्याजवळ वाकडला राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या ३१ वर्षांच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. गेले पाच महिने बेंबीभोवती आणि पोटाच्या उजव्या बाजूला खाली कळा येतात, दिवसातून तीन ते पाच वेळा पातळ शौचास होते आणि आठवड्यातून एक-दोनदा पहाटे शौचाच्या घाईनेच जाग येते. वजन ६४ किलोवरून ५८ वर आले आहे. मलतपासणीत ‘अमिबाच्या सिस्ट’, म्हणजे कवचात गुरफटलेले अमिबा, दिसल्या म्हणून प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरे वाटले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सोनोग्राफीत ‘पोटातील लसिकाग्रंथी किंचित वाढलेल्या, बाकी नॉर्मल’ असा शेरा आहे आणि हिमोग्लोबिन १०.८ आहे. घरचे म्हणतात की हे कामाचे टेन्शन आहे, तर एका डॉक्टरांनी ‘आयबीएस’, म्हणजे सूज किंवा व्रण नसताना आतड्याचे काम बिघडण्याचा त्रास, सांगितले आहे. यामागे कोणकोणती कारणे असू शकतात आणि हे काळजीचे आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर आधी देते. होय, तुमच्या आजाराचा नीट तपास व्हायला हवा आणि तो आणखी लांबवू नये. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण या लक्षणांमागे असणारे बहुतेक आजार औषधाने बरे होतात किंवा काबूत राहतात. मात्र तुमच्या वर्णनातल्या तीन गोष्टी मला थांबून विचार करायला लावतात. झोपेतून उठवणारा जुलाब, पाच महिन्यांत शरीराच्या वजनाच्या जवळजवळ नऊ टक्के झालेली घट आणि ३१ वर्षांच्या पुरुषात १०.८ इतके कमी हिमोग्लोबिन. केवळ आयबीएसमुळे यातले एकही होत नाही. टेन्शनने पोट बिघडते हे खरे, पण टेन्शनने रक्त कमी होत नाही. म्हणून तुम्हाला आयबीएसचे लेबल आज लावणे मला घाईचे वाटते आणि अमिबाच्या नावाखाली चौथा कोर्स घेणे तर मुळीच योग्य वाटत नाही.

जुलाबाचा विचार करताना पहिला प्रश्न काळाचा असतो. चौदा दिवसांच्या आतला जुलाब बहुधा विषाणू, जिवाणू किंवा बाधित अन्नामुळे होतो आणि पुष्कळदा आपोआप थांबतो. चार आठवड्यांच्या पुढे गेलेला जुलाब ही वेगळीच गोष्ट आहे. ज्या साध्या संसर्गांवर आपण एरवी गोळ्या घेतो, त्यांतले फार थोडे इतके दिवस टिकतात. म्हणजे पाचव्या महिन्यात ‘बाहेरचे काहीतरी खाण्यात आले असेल’ हे स्पष्टीकरण पुरत नाही.

दुसरा प्रश्न शौचाच्या स्वरूपाचा असतो आणि तो विचारताना रुग्ण संकोचतात, क्वचित डॉक्टरही घाई करतात. वास्तविक निम्मे निदान तिथेच दडलेले असते. शौच प्रमाणाने भरपूर, फिकट, तेलकट, अतिशय दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारे आणि भांड्याला चिकटून सहज न निघणारे असेल तर अन्नातले स्निग्ध पदार्थ पचत नाहीत असे समजावे आणि दोष लहान आतड्यात किंवा स्वादुपिंडात शोधावा. उलट थोडे थोडे, वारंवार, आव किंवा रक्त मिसळलेले, कुंथावे लागणारे आणि जाऊन आल्यावरही ‘साफ झाले नाही’ असे वाटायला लावणारे शौच असेल तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज असण्याचा संभव जास्त. वृद्ध माणसांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. घट्ट मळ गुदाशयात अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांना तो जुलाब वाटतो आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळीने त्रास दुणावतो.

आता अमिबाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुण्यात असा रुग्ण क्वचितच भेटतो ज्याच्या फायलीत ‘सिस्ट आढळल्या’ असा एक तरी कागद नाही. रोग करणारा अमिबा आणि आतड्यात निरुपद्रवी राहणारा त्याचा जवळचा भाऊबंद या दोघांच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसतात, नुसते पाहून त्यांत फरक करता येत नाही. तांबड्या रक्तपेशी गिळलेला, हालचाल करणारा अमिबा दिसला तर तो पुरावा भक्कम, पण त्यासाठी मळ ताजा हवा. रात्रीच डबीत भरून ठेवलेला आणि सकाळी दहाला प्रयोगशाळेत पोचलेला नमुना त्या कामाचा नसतो. त्यामुळे नुसत्या ‘सिस्ट’ या शब्दावर पाच महिन्यांचा आजार तोलता येत नाही. जिआर्डिया नावाचा दुसरा परजीवी मात्र खरोखरच महिनोन्‌महिने टिकू शकतो. पोट फुगणे, घाण वासाचे ढेकर, चिकट दुर्गंधी शौच आणि जेवण झाल्यावर लगेच अस्वस्थता ही त्याची खूण. तो दर वेळी मळात सापडतोच असे नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने पाहतात. टिनिडाझोलसारख्या औषधाने तो बहुधा बरा होतो. तुमच्या कोर्समध्ये असे औषध असणार आणि तरीही त्रास तसाच आहे, म्हणून जिआर्डियाचा संशय माझ्या यादीत बराच खाली जातो.

पाण्याचा प्रश्न तरीही सोडू नये. वाकड, हिंजवडी, वाघोली या भागांत पुष्कळ सोसायट्यांचे पाणी टँकरवर चालते. जमिनीखालची टाकी कधी धुतली, टँकरचे पाणी कुठून भरले, त्यात क्लोरीन आहे का, हे सोसायटीच्या बैठकीत आवर्जून विचारण्यासारखे प्रश्न आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदोशी, नांदेड गाव या पुण्यातल्या पट्ट्यात गुलेन-बॅरी सिंड्रोमचा, म्हणजे नसांना इजा करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचा, जो उद्रेक झाला, त्यात अनेक रुग्णांना आधी जुलाब आणि पोटदुखी झाली होती आणि काही रुग्णांच्या मळाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. त्या वेळच्या भीतीमुळे आजही रुग्ण मला विचारतात की आपल्याला तेच तर झाले नाही ना. तो जुलाब थोड्या दिवसांचा असतो आणि नसांचा त्रास त्यानंतर काही दिवसांत ते काही आठवड्यांत सुरू होतो. पाच महिने चाललेला जुलाब तो नव्हे. पण कोणत्याही जुलाबानंतर पायांत मुंग्या येऊन जिना चढताना पाय लटके पडू लागले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

प्रत्येक कोर्सनंतर आठ-दहा दिवस बरे का वाटले, हा प्रश्न तुम्हाला पडला असणार. कारण अशी सुधारणा बऱ्याच आजारांत दिसते. प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू तात्पुरते कमी होतात, वायू कमी होतो, फुगारा उतरतो, मूळ आजार मात्र जागेवरच राहतो. शिवाय हे आजार मुळातच कधी वर, कधी खाली होत असतात आणि आपण त्रास कळसाला पोचल्यावर गोळी घेतो, त्यामुळे आपसूक आलेल्या उताराचे श्रेय गोळीला जाते. यात एक धोका आहे आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. जुलाबावर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल ही जोडगोळी घ्या. त्यातले ऑफ्लोक्सासिन ज्या गटातले आहे, त्या गटाची औषधे क्षयाच्या जंतूवरही अंशतः काम करतात. आतड्याचा क्षय असेल तर अशा कोर्सने तो काही दिवस दबतो, निदान लांबते आणि जंतू त्या औषधाला दाद न देण्याची शक्यता वाढते. दुसरे असे की वारंवार प्रतिजैविके घेतल्याने क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूचा जुलाब नव्याने लागू शकतो. त्याची चाचणी तुमच्याबाबतीत करून घेणे रास्त ठरेल.

तुमचे दुखणे उजव्या बाजूला खाली आहे आणि माझे लक्ष तिथेच जाते. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तो हा भाग. आपल्या देशात तरुण माणसाला तिथे महिनोन्‌महिने दुखत असेल, वजन उतरत असेल आणि जुलाब होत असतील तर दोन आजारांचा विचार प्रथम करावा लागतो, आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा आजार, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे आतड्याला येणारी दीर्घकाळची सूज. दोन्ही त्याच जागी व्रण करतात, दोन्हींत आतड्याची भिंत जाड होऊन मार्ग अरुंद होतो, दोन्हींत रक्त कमी होते. उपचार मात्र परस्परविरोधी दिशांनी जातात. क्षयाला जंतू मारणारी औषधे लागतात, तर क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात आणि क्षय असताना ती दिली तर तो अंगभर पसरू शकतो.

इथे रुग्णाच्या तोंडचा एक शब्द फार उपयोगी पडतो. ‘जेवल्यावर तासाभराने पोटात गोळा उठतो, गुरगुरत फिरतो आणि एकदा का तो सरकून गेला की बरे वाटते’ असे कुणी सांगितले की आतड्याचा मार्ग कुठेतरी अरुंद झाला आहे असे मी धरून चालते. पुष्कळ घरांत याच गोळ्याला ‘बेंबीची वाटी सरकली’ असे समजून पोट चोळून घेतले जाते. ज्या आतड्याला सूज आणि व्रण आहेत, ते जोरात चोळणे धोक्याचे आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आदरानेच पण स्पष्टपणे सांगावे. तुम्हाला असा गोळा येतो का, उलट्या होतात का, संध्याकाळी अंगात कणकण असते का, रात्री घाम येतो का, घरात किंवा कचेरीत कुणाला क्षय झाला होता का, तोंडात वारंवार व्रण येतात का, गुदद्वाराजवळ गळू किंवा भगंदर झाले होते का, सांधे किंवा डोळे दुखतात का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे लिहून डॉक्टरांकडे न्यावीत. ताप, पोटात पाणी होणे आणि छातीच्या एक्स-रेमधील डाग ही लक्षणे क्षयाकडे बोट दाखवतात. तोंडातले व्रण, भगंदर आणि वर्षानुवर्षांची दुखण्याची ये-जा क्रोन्सकडे. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून आतड्याचा क्षय नाही, असे मात्र समजू नये. पुष्कळ रुग्णांत तो स्वच्छच असतो.

सोनोग्राफीतल्या ‘किंचित वाढलेल्या ग्रंथीं’नी रुग्ण फार हवालदिल होतात. सडपातळ तरुण माणसांत लहान ग्रंथी दिसणे हे पुष्कळदा काहीच नसते. ग्रंथी सेंटीमीटरपेक्षा मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या किंवा मध्यभागी कुजलेल्या असतील तर त्यांना महत्त्व येते. केवळ त्या एका ओळीवर क्षयाची औषधे सुरू करू नयेत. तसेच शरीराचा क्षयाच्या जंतूशी कधी संबंध आला होता का हे दाखवणारी टीबी गोल्ड ही रक्तचाचणी किंवा मान्टूची त्वचेवरची चाचणी सकारात्मक आली म्हणजे आतड्याचा क्षय सिद्ध झाला असे होत नाही, कारण आपल्याकडे असंख्य निरोगी माणसांतही ती सकारात्मक येते. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

मग खात्री कशी करायची? दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने. मोठे आतडे पाहून परत फिरणे तुमच्याबाबतीत पुरेसे नाही. दुर्बीण लहान आतड्याच्या टोकात शिरलीच पाहिजे आणि तिथून तुकडे घेतले गेले पाहिजेत. तपासणीच्या टेबलाशेजारी दोन बाटल्या ठेवलेल्या असाव्यात. एकीत फॉर्मलिन असते, त्यातले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी जातात. दुसरीत साधे सलाइन असते, त्यातले तुकडे क्षयाच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) आणि जंतूची जनुके शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीसाठी जातात. सगळेच तुकडे फॉर्मलिनमध्ये पडले तर जंतू तिथेच मरतात, कल्चर करता येत नाही आणि मग सगळी तयारी पुन्हा करून दुर्बीण पुन्हा घालण्याची पाळी येते. ‘दोन्ही बाटल्या पाठवणार ना?’ असे आधी विचारायला रुग्णाने मुळीच संकोचू नये. सीबीनॅट नकारात्मक आली तरी आतड्याचा क्षय नाकारता येत नाही, कारण तुकड्यातल्या जंतूंची संख्या फार कमी असते. सकारात्मक आली तर मात्र निदान आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, ही दोन्ही उत्तरे एकदम मिळतात.

एवढे करूनही काही रुग्णांत क्षय की क्रोन्स हे ठरत नाही. तेव्हा जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. व्रण भरून आले असतील तर क्षय मानून सहा महिन्यांचा उपचार पूर्ण करतात. व्रण तसेच असतील तर निदानाचा फेरविचार करतात. नुसते ‘बरे वाटते, भूक लागते’ यावर विसंबू नये, आत पाहिल्याशिवाय या परीक्षेचा निकाल लागत नाही. क्षय निघालाच तर त्याची औषधे सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांचीही नोंद होते. हा आजार लपवण्यासारखा नाही. पोटाचा क्षय घरातल्या माणसांना ताटावाटीतून लागत नाही, फुप्फुसाला तो झालेला नाही एवढी खात्री करून घेतली की पुरे. क्रोन्स निघाला तर औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात, पण ती नियमित घेणारे लोक नोकरी करतात, संसार करतात. सिगारेट मात्र पूर्ण बंद करावी लागते, कारण तिने क्रोन्स निश्चितपणे बळावतो.

शौचावाटे रक्त आणि आव पडत असेल तर अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याला येणाऱ्या दीर्घकाळच्या सूज-व्रणांचा, विचार करावा. आपल्याकडे रक्त दिसले की ‘मूळव्याध आहे’ म्हणून लोक वर्ष वर्ष घालवतात. मूळव्याधीने जुलाब होत नाहीत, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळांचा वेळ वाचेल. चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडू लागले किंवा लोह कमी झाले तर मोठ्या आतड्याचा कर्करोग वगळल्याशिवाय राहू नये. आपल्याकडे तो तरुणांतही दिसतो, म्हणून वयाकडे पाहून दुर्बीण टाळू नये.

आता अन्न न पचण्याच्या आजारांकडे वळू. गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचा आतला पापुद्रा झिजवणारा सीलिअ‍ॅक आजार उत्तर भारतात अधिक असला तरी पोळी रोज खाणाऱ्या पुण्यात तो दुर्मीळ नाही. जुलाब, फुगारा, वजनात घट आणि लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पांडुरोग हे त्याचे नेहमीचे रूप. टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी आणि तिच्या जोडीला एकूण आयजीएचे प्रमाण पाहिले की प्राथमिक उत्तर मिळते. ही चाचणी होईपर्यंत पोळी सोडू नका. ‘आधी गहू बंद करून बघू’ असे करून आलेल्या माणसाची चाचणी खोटी नकारात्मक येते आणि मग निदानासाठी त्याला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला लावावा लागतो. निदान पक्के झाले तर ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, तांदूळ, वरी, साबुदाणा हे सगळे मोकळे असते, फक्त भाकरीचे पीठ गव्हाच्याच गिरणीत दळून आणू नये. रवा, शेवया, मैदा सुटतात हे सगळ्यांना कळते, पण बाजारात मिळणाऱ्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे फार थोड्यांना ठाऊक असते. रोजच्या आमटीच्या फोडणीतून ग्लूटेन पोटात जात राहते आणि पथ्य पाळूनही गुण का येत नाही हे घरच्या बाईंना उमगत नाही.

ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशातला आजारही असाच वजन आणि जीवनसत्त्वे ओरबाडून नेतो. त्यात फॉलिक अ‍ॅसिड व बी-१२ कमी होतात आणि काही महिन्यांच्या डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने तो सुधारतो. बी-१२ विषयी एक सूचना. लहान आतड्याचे टोक खराब झाले तर ते कमी होते हे खरे, पण शाकाहारी पुणेकरांत ते एरवीही इतके सर्रास कमी सापडते की त्या एका आकड्यावरून आतड्याचा दोष ठरवू नये. तेलकट शौच आणि पाठीत जाणारे दुखणे असेल, विशेषतः मद्यपान किंवा मधुमेह असेल, तर स्वादुपिंडाचा जुनाट दाह पाहावा. त्यासाठी मळातील इलास्टेज या स्वादुपिंडाच्या विकराची तपासणी आणि सीटी स्कॅन उपयोगी पडतात.

दूध न पचणे ही त्या मानाने साधी गोष्ट, पण तिच्यामुळे होणारा त्रास साधा नसतो. दुधातली साखर पचवणारे विकर बहुसंख्य भारतीयांत मोठेपणी कमी होते. सकाळी भरपूर दुधाचा चहा, दुपारी कॉफी, रविवारी मस्तानी आणि सोमवारी पोट बिघडलेले, असा क्रम असेल तर दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून पाहावे. दही आणि ताक बहुधा सोसते, कारण विरजणात ती साखर काही प्रमाणात मोडलेली असते. साखरविरहित म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आणि च्युइंगममधल्या सॉर्बिटॉलनेही जुलाब होतात. परंतु वजन घटणे आणि रक्त कमी होणे हे दुधाने होत नाही, म्हणून तुमच्याबाबतीत हे फार तर जोडीचे कारण असेल.

औषधांची यादी करताना रुग्ण नेहमी घेत असलेल्या गोळ्या सांगायला विसरतात. मधुमेहाचे मेटफॉर्मिन, मॅग्नेशियमयुक्त अ‍ॅन्टासिड, रक्तदाबासाठीचे ओल्मेसार्टन, संधिवातासाठीचे कोल्चिसिन, हे सगळे जुलाब करू शकतात. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरते म्हणून घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या लहान आतड्याला व्रण करतात आणि ते व्रण दुर्बिणीतून क्रोन्ससारखेच दिसतात. ‘पोट साफ राहावे’ म्हणून रात्री घेतलेल्या चूर्णात बहुधा सोनामुखी असते, तेही सांगावे. कुडा, बेल, जायफळ यांचे काढे-चाटण घेत असाल तर तेसुद्धा लपवू नये. वैद्यांकडे गेलात म्हणून कुणी रागावणार नाही आणि रागावले तरी माहिती दिलेली बरी.

थायरॉईडचे संप्रेरक वाढणे, दीर्घ मुदतीचा मधुमेह, एचआयव्ही आणि पित्ताशय काढल्यानंतर पित्तरसामुळे होणारा जुलाब ही कारणे साध्या तपासण्यांनी किंवा एका प्रश्नाने कळतात. साठीच्या आसपासच्या स्त्रियांत पाण्यासारखे जुलाब असतील आणि दुर्बिणीत आतडे निरोगी दिसत असेल तरीही तुकडे घ्यावेत, कारण मायक्रोस्कोपिक कोलायटिस फक्त तुकड्यातच दिसतो. पन्नाशीनंतर स्त्रीला नव्यानेच फुगारा आणि पोटदुखी सुरू झाली तर अंडाशयाची तपासणी करून घ्यावी. पाळीबरोबर वाढणारे दुखणे असेल तर एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, आठवावा.

शेवटी आयबीएस. हा काल्पनिक आजार नाही आणि ‘मनाचे खेळ’ तर मुळीच नाही. आतडे आणि मेंदू यांच्यातले संदेश बिघडतात, आतड्याच्या नसा हळव्या होतात आणि एरवी जाणवणारही नाही एवढ्या वायूने माणूस कळवळतो. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस दुखणे, ते शौचाशी निगडित असणे, त्याच्या जोडीने शौचाची वारंवारता किंवा घट्टपणा बदलणे आणि सुरुवात होऊन सहा महिने लोटलेले असणे, हे त्याचे मान्य निकष आहेत. जोरदार जुलाबाच्या आजारानंतर साधारण दहातल्या एकाला हा त्रास मागे राहतो. त्यात कांदा, लसूण, गहू, मोड आलेली मटकी, चवळी, राजमा, फ्लॉवर यांनी फुगारा वाढतो, म्हणून मिसळ झाल्यावर त्रास होतो असे सांगणारे रुग्ण चुकत नसतात. आहारतज्ज्ञाच्या मदतीने काही आठवडे हे पदार्थ कमी करून मग एकेक परत आणावा, कायमचे पथ्य करून ताट उजाड करू नये. कळ कमी करणारी औषधे, इसबगोल, अल्प मात्रेतले अ‍ॅमिट्रिप्टिलिन, झोप आणि व्यायाम यांचा चांगला उपयोग होतो. पण हे निदान धोक्याची लक्षणे नसतानाच करायचे असते आणि तुमच्याकडे ती तीन आहेत.

म्हणून माझा सल्ला असा. या आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना भेटा आणि जुने सगळे कागद, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांसकट, न्या. संपूर्ण रक्तचाचणी, सीआरपी (शरीरातील सूज दाखवणारी रक्तचाचणी), अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिन), लोह, बी-१२, थायरॉईड, साखर, एचआयव्ही, टीटीजी-आयजीए, मळाचे ताजे नमुने, मळातील कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारे प्रथिन) आणि छातीचा एक्स-रे एवढे पहिल्या फेरीत होईल. कॅल्प्रोटेक्टिन ५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमपेक्षा कमी आले तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फार कमी होते, २५० च्या वर गेले तर ती जवळजवळ निश्चित. वेदनाशामक गोळ्यांनी हा आकडा फुगतो, म्हणून त्या आधी काही आठवडे बंद हव्यात. आकडा काहीही आला तरी तुमचे वजन आणि रक्त पाहता दुर्बीण टाळता येणार नाही आणि तिच्याबरोबर सीटी एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतडे नीट दाखवणारा सीटी स्कॅन, लागेल. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात हे तपास खासगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतात.

तोवर नवे प्रतिजैविक घेऊ नका आणि ताप किंवा रक्त असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळीही नको. मऊ भात, मुगाचे वरण, पेज, ताक, उकडलेला बटाटा, चालत असल्यास अंडे, असे थोडे थोडे पण वारंवार खा. पोळीही चालू ठेवा. गोळा उठत असेल तर सालीसकट फळे, कच्ची कोशिंबीर आणि देठाच्या पालेभाज्या सध्या टाळा, त्या अरुंद जागेत अडकतात. ज्या दिवशी जुलाब जास्त होतील त्या दिवशी क्षारसंजीवनीचे पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून दिवसभर घोट घोट प्या. पोट फुगून ताठ झाले, वारासुद्धा सरेनासा झाला, हिरव्या उलट्या सुरू झाल्या, काळे किंवा लालभडक शौच झाले, अथवा ताप चढून पोटाला हात लावू देईना, तर तज्ज्ञांच्या भेटीची तारीख येण्याची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी, ज्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय आहे तिथे थेट जा आणि जाताना काहीही खाऊ-पिऊ नका.